वडिलांची शेवटची गाडी आणि कॅमेरेवाले

माझ्या वडिलांच्या शेवटच्या गाडीचे शेकडो फोटो या जगात आहेत आणि त्यातल्या एकातही माझी माय नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून गोड आठवणींची अपेक्षा करणार नाही.

वडील नंदुरबारला रेल्वेत डायव्हर होते. सगळी नोकरी डिझेल इंजिनावर गेली. डायव्हर रिटायर होतो त्या दिवशीच्या त्याच्या शेवटच्या गाडीचा आमच्याकडे एक थाट असायचा. इंजिनाला झेंडूच्या माळा, दोन बाजूंना केळीचे खांब, स्टेशनावर बायकापोरं, पाहुणे, पेढे, जमलं तर बँड. मग नवराबायकोनं इंजिनासमोर उभं राहून फोटो काढायचा. रेल्वे कॉलनीत घरोघरी तो फोटो भिंतीवर असे. माय दुसऱ्यांच्या घरात तो बघून यायची. एकदाच म्हणाली, "आपला बी ऱ्हाई एक." आयुष्यभर तिनं वडिलांचे डबे भरले, अवेळी दारं उघडली, इंजिनाजवळ मात्र ती कधी गेली नव्हती. नवऱ्याकडून तिला दागिना नको होता, साडी नको होती. तेवढा फोटो हवा होता.

वडिलांच्या वाट्याला शेवटची म्हणून आली एक स्पेशल. मुंबई-सुरतेकडच्या इंजिनवेड्यांची एक मंडळी होती. आपल्या मार्गावर विजेच्या तारा यायला लागल्या होत्या, डिझेलचे दिवस भरले होते, म्हणून त्यांनी जुनं इंजिन लावून सहलीची अख्खी गाडी ठरवली. खांडबारा स्टेशनाकडे विजेचे खांब अजून उभे राहिले नव्हते, त्यामुळे तिथे फोटोसाठी ती बराच वेळ थांबणार होती. वडीलच म्हणाले, "नंदुरबारले येळ भेटाव नही. तुम्ही खांडबारालेच या."

झालं, आमची वरात निघाली. कोरीटहून मामा-मामी पिकअप घेऊन आले, केळीचे खांब त्यांच्याच शेतातले. मायनं मोरपंखी रंगाची नवी साडी नेसली होती आणि वाटेत दोनदा मला विचारलं, केस विस्कटले का गं. तिला असं काही विचारताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

गाडी आली. डब्यांतून धपाधप माणसं उतरली, गळ्यात कॅमेरे, खांद्यावर तिकाटणी. मामी मायला कोपरानं ढोसून म्हणाली, "देख वो, तुन्हा डायव्हरले देखाले कितला लोके उनात." माय लाजून लाल झाली. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मामांनी पुढच्या दोघांना पेढे दिले. त्यांनी ते तोंडात टाकले आणि इंजिनाचा नंबर बघायला निघून गेले.

आम्ही माळा चढवल्या, केळीचे खांब बांधले. तेवढ्यात त्यांचा म्होरक्या आला. खिसेच खिसे असलेलं जाकीट, बोलणं अगदी अदबीचं. त्याच्या अदबीचाच मला आजही राग येतो. भांडला असता तर मामांनी त्याला तिथल्या तिथे सरळ केलं असतं. तो हिंदीत म्हणाला, इंजिन जसं रोज धावतं तसंच हवं, फुलांनी त्याचं मूळ रूप झाकतंय. आणि सूर्य डोंगराआड चाललाय, उजेड थोडाच उरलाय.

मला वाटलं, वडील त्याला वाटेला लावतील. घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी ऐकवणारा माणूस. ते खाली उतरले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माळा सोडल्या. केळीचे खांब रुळापलीकडच्या गवतात टाकले. मग मायकडे वळले. ती इंजिनाच्या तोंडाशी पदर सावरून, फोटोसाठी उभी राहतात तशी उभी होती.

"तू जरा बाजूले सरक. त्यासना फोटूमा येस तू," वडील म्हणाले. "आपला मंग काढसूत."

माय सरकली. बाकड्यापाशी जाऊन बसली.

पुढे जे झालं त्याला तमाशाच म्हणायला हवं. कॅमेरेवाले रांगेत उभे राहिले. वडिलांनी गाडी मागे वळणापर्यंत नेली आणि भरधाव सोडल्यासारखी पुन्हा पुढे आणली. काळ्या धुराचा लोट उठला. मंडळींना धूरच हवा होता. ज्या डायव्हरच्या इंजिनातून धूर कमी, त्याचा हात चांगला, असं वडील आम्हाला जन्मभर ऐकवत आले. त्या दिवशी त्यांनी परक्यांच्या टाळ्यांसाठी धूर काढून दाखवला. गाडी पुन्हा मागे, पुन्हा पुढे. बाजाराहून परतणारा एक म्हातारा मामांना म्हणाला, "डायव्हरनं काही पडी गयं का मांगे?" सगळे हसले. माय हसली नाही.

मग मागच्या पॅसेंजरची वेळ झाली, सिग्नल पडला, मंडळी डब्यांत चढली. वडिलांनी खिडकीतून हात केला आणि गाडी गेली. आम्ही नंदुरबारला पोचलो तेव्हा इंजिन गाडीपासून सोडवून यार्डात नेलं होतं आणि वडील ऑफिसात शाल-नारळ घेत होते. पुढे ते इंजिन भंगारात गेलं. मायही गेली. "मंग" काही आलं नाही.

ती गेल्यावर मी त्या मंडळींना इंटरनेटवर शोधून काढलं. कुठेतरी, कोपऱ्यात तरी, तिची साडी आली असेल. एका सद्गृहस्थांनी लगेच फोटो पाठवले, ढिगानं. सगळ्यांत इंजिन, धूर, डोंगर. मी पुन्हा लिहिलं, माणसं आलेले फोटो असतील तर तेही पाठवा. त्यांनी कळवलं, मध्ये माणसं आलेले फोटो आम्ही ठेवत नाही, पुसून टाकतो. खाली नमस्काराचं चित्र होतं.

मी फोन वडिलांच्या हातात दिला. दोन बोटांनी फोटो मोठा करून ते बराच वेळ बघत राहिले. मग तो सरकवत सरकवत रिकाम्या प्लॅटफॉर्मशी आणला.

"ती आठेच उभी व्हती ना?"

मी म्हटलं, होती. तुम्हीच बाजूला केलंत तिला.

"ती तं काहीच बोलनी नही तवय."

तुम्ही विचारलं होतं का, असं मी म्हटलं. चढ्या आवाजातच म्हटलं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. वडिलांनी फोटो परत लहान केला, पुन्हा एकदा पाहिला आणि फोन माझ्याकडे दिला.

"इंजन मातर फोटूमा भारी येल शे," म्हणाले.