काट्याची सावली

तबकडीवाले हे माझे साडू. जुन्या मोटारीत चालकासमोर वेग, पेट्रोल, तेल, उष्णता दाखवणारी गोल मीटरं असतात. त्यांच्या काळवंडलेल्या तबकड्या पुन्हा होत्या तशा करायच्या, एवढं एकच काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. राहत्या घराखाली जिन्याला लागून एक खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा. नोकरीतून सुटल्यावर मी रोज दुपारी तिथे जाऊन बसू लागलो. त्यांचा डावा डोळा जवळजवळ कामातून गेला होता, उजवाही कुरकुरत होता. ते आकडे काढत तेव्हा भिंग धरायचं काम माझ्याकडे आलं. दुसरं काही मला जमण्यासारखं नव्हतंच.

आकडा काढताना ते श्वास रोखून धरत. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, वरून ओरडायची, "झाला का आकडा? मग श्वास घ्या, चहा टाकलाय!"

हे काम जितकं चांगलं होईल तितकं दिसेनासं होतं. "एखादी तबकडी बिघडवली असती, तर चार लोकांनी नाव तरी विचारलं असतं," असं ते हसत म्हणायचे. हसण्यावारी न्यायचे, पण म्हणायचे बऱ्याचदा.

वकील त्यांचा शाळेतला मित्र, एका बाकावरचा. त्याच्या वडिलांची जुनी गाडी होती. पाच तबकड्यांपैकी चार उन्हाने सारख्या पिवळ्या पडल्या होत्या. पाचवीत, उष्णतेच्या, पाणी शिरून तपकिरी डाग पडले होते, आकड्यांचे पोपडे निघाले होते.

"नवी कोरी नको करूस, लेका," वकील म्हणाला. "चार म्हाताऱ्यांत एक नवरी बसल्यासारखी दिसेल."

"म्हणजे हिलाही म्हातारी करू?"

"कर. आणि ऐक, यंदाच्या प्रदर्शनात गाडी दुरुस्त केलेल्यांच्या विभागात लावतोय. तिथे कारागिराच्या नावाची पाटी असते. तुझं नाव टाकतो, मोठ्या अक्षरात."

"कशाला रे ते," तबकडीवाले म्हणाले. प्रदर्शनाला चार महिने होते. त्याच संध्याकाळी त्यांनी ताईला निळा सदरा कुठे आहे ते विचारलं.

दोन चहाचे चमचे काट्याच्या बुडाखाली सरकवून त्यांनी तो अलगद उचलला. मग रंग. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब, तपकिरीचा अर्धा, काळा काडीच्या टोकावर येईल तेवढाच. प्रत्येक मिश्रण पत्र्याच्या तुकड्यावर लावायचं आणि तीन-चार दिवस खिडकीत ठेवून बघायचं. असे तेवीस तुकडे झाले. तेविसावा जुळला.

मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "साडूभाऊ, सावली राहिली." बाकीच्या चारही तबकड्यांवर, काटा जिथे विसावतो तिथे, काट्याखाली ऊन पोचलेलं नव्हतं. तिथे मूळचा दुधी रंग बारीक पट्टीएवढा उरला होता. पाचवीवर तो नसता तर जाणकाराने लगेच ओळखलं असतं. काडीएवढ्या त्या पट्टीला नऊ दिवस लागले, कारण तिच्या कडा हळूहळू पिवळ्यात विरायला हव्या होत्या. शेवटी नेहमीसारखं त्यांनी तबकडीच्या पाठीवर पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहिली, आणि वर काच बसवली.

प्रदर्शनाला आम्ही दोघं बसने गेलो. निळा सदरा, कडक इस्त्री. खिशात कागदात गुंडाळलेला तेविसावा तुकडा, पाटीशेजारी ठेवायला. दुरुस्त गाड्यांच्या रांगा आम्ही दोनदा फिरलो. गाडी नव्हती. ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. वर फलक होता: दुरुस्तीचा हात न लागलेल्या गाड्या.

वकील लगबगीने आला. "अरे, तिकडे अठरा गाड्या आहेत, सगळ्या चकाचक. आपला टिकाव लागला नसता. इकडे तीनच. समजून घे ना."

"आणि पाटी?"

"या विभागात पाटी कुठली असणार?"

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. त्या टॉर्च घेऊन आत वाकल्या आणि बराच वेळ उष्णतेच्या तबकडीपाशी थांबल्या. "काट्याखालची सावलीसुद्धा शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "असं काही कुणाला हाताने करता येत नाही." मग त्यांचं लक्ष खिडकीत डोकावणाऱ्या तबकडीवाल्यांकडे गेलं. "तुम्ही कोण? तुम्हाला यातलं कळतं का?"

"माझ्या शाळेतला आहे," वकीलच बोलला. "गाडी पुसायला येतो कधीमधी."

तबकडीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते नऊ दिवस भिंग धरून बसलेला मी. एक वाक्य पुरलं असतं. मी हातातल्या माहितीपत्रकाची घडी घालायला लागलो.

"हो," ते म्हणाले, "पुसतो."

बसने आम्ही घरी परतलो. दारातच ताईने विचारलं, "केवढी होती पाटी?"

"मोठी होती," ते म्हणाले आणि सदरा काढायला आत गेले.

करंडक वकिलालाच मिळाला. तिसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन खोलीवर आला. "परीक्षकांनासुद्धा कळलं नाही, बघ! याहून मोठी पावती कुठली हवी तुला?"

"त्या बाईंना कळलं नाही, ते ठीक," तबकडीवाले म्हणाले. "तुला तर माहीत होतं."

वकील फोटो टेबलावर ठेवून निघून गेला. त्याला तसं सुनावलं म्हणून मला बरं वाटलं. तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही, की मलाही माहीत होतं.

दुसऱ्या दुपारी मी नेहमीसारखा गेलो. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीची तेलाची तबकडी टेबलावर होती, सहाचा आकडा काढायचा होता. मी भिंग उचललं.

"राहू द्या, साडूभाऊ. दिसतंय मला."

दिसत नव्हतं. ते नाक टेकेल इतके खाली वाकले. सहा वाकडा आला. त्यांनी कापसाने टिपला, पुन्हा काढला, पुन्हा वाकडा आला. मी भिंग मांडीवर धरून बसलो होतो. वरून ताईची हाक आली, "झाला का आकडा?" तबकडीवाल्यांनी पुन्हा कापूस उचलला.