राजवाड्यातला हत्ती आणि फुईचा दोर

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी मी धुळ्याहून चाळीसगावला गेले ती मुराळी होऊन. सणाला माहेरवाशिणीला घ्यायला येतो तो मुराळी. तो भाऊ असतो, फार तर भाचा. साठीची, गुडघे कुरकुरणारी निवृत्त शिक्षिका मुराळी म्हणून आलेली त्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिली असणार. माझी फुई (आत्या) पिशवी भरून ओट्यावरच बसली होती. चहा मागितला, तर म्हणाली, धुळ्याला जाऊन पिऊ. वय वर्षं शहात्तर, पण घाई सोळाची.

खरं सांगायचं तर तिला न्यायला माहेरच उरलं नव्हतं. माझे वडील गेले आणि पिंपळनेरच्या पुढे असलेल्या आमच्या गावातलं घर भावाने आणि मी विकून टाकलं. कागदावर माझीही सही आहे. फुई त्यावर अवाक्षर बोलली नव्हती, आणि एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई गप्प बसली की मला धडकी भरते. फोनवर तिने एवढंच मागितलं, की एकदा गावच्या राजवाड्यातल्या निंबावर झोका घ्यायचाय. पूर्वी राणीसाहेब आखाजीला बागेचं फाटक उघडायच्या आणि गावच्या लेकी त्या निंबाला झोके बांधायच्या. आता राजवाडा सुरतेच्या एका व्यापारी कुटुंबाचं घर झालाय. बाग बघायची तर आधी फोन करून नाव नोंदवावं लागतं. ते मी नोंदवलं. झोक्याबद्दल मात्र विचारलं नाही, कारण नकार मिळणार याची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याहून एसटी धरली. फुईला पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे तिकीट नाही. तिने आधार कार्ड कंडक्टरला दाखवलं, मग न विचारता शेजारणीलाही दाखवलं. साक्रीला गाडी थांबली तेव्हा तिने घरच्या सांजोऱ्या (सांज्याचं गोड सारण भरून तळलेल्या करंज्या) काढल्या आणि मी दोन खाल्ल्या. तिसरीला हात घातला, तर चापट बसली. पिंपळनेर मागे पडल्यावर डोंगर जवळ आले, रस्ता अरुंद झाला आणि फुई खिडकीला नाक लावून बसली. आमचं विकलेलं घर रस्त्यावरूनच दिसतं. नव्या मालकाने त्याला पोपटी रंग दिलाय. फुईने बघितलं, पदर सारखा केला. मी चपलेकडे बघत राहिले.

फाटकावर गणवेशातले पहारेकरी नाना होते, गावातलेच. त्यांनी पिशवी तपासली आणि सांजोऱ्यांच्या डब्याखालून वीसेक हात लांबीचा जाड दोर निघाला. मला याचा पत्ताही नव्हता! हा कशाला, असं त्यांनी विचारलं. फुई शांतपणे म्हणाली, पिशवीचा बंद तुटला तर असावा. नाना हसले, पण दोर त्यांच्या खोलीत जमा झाला. माझं तोंड एवढंसं झालं.

आत मात्र डोळे दिपले. पांढऱ्याशुभ्र कमानी, दिवाणखान्यात झुंबरं, संगमरवरावर आमच्या चपलांची धूळ. घोड्यांच्या पागेत पोहण्याचा तलाव केलाय. बागेत गुलाबांचे ताटवे, कारंजी आणि गालिच्यासारखी हिरवळ. एप्रिलमध्ये, तेही साक्री तालुक्यात! मालकीणबाई स्वतःच सगळं दाखवत होत्या. पन्नाशीच्या, काळा चष्मा, गुजराती वळणाचं गोड मराठी. बागेच्या टोकाला त्या एका प्रचंड निंबाखाली थांबल्या. एका आडव्या फांदीवर दोन खोल खाचा होत्या. महाराजांचा लाडका हत्ती इथे बांधत, त्याच्या साखळदंडाच्या या खुणा, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं.

फुईला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून हसली, मग पदरही सुटला.

"बाई, हत्ती कोनी फांदीले बांधस का? हाऊ आमना झोका शे. बठ्ठ्या पोरीस्ना." (हा आमचा झोका आहे, सगळ्या पोरींचा.)

मालकीणबाईंनी चष्मा काढला. ही गोष्ट त्या सगळ्या पाहुण्यांना सांगत आल्या होत्या. आता वाईट वाटणार म्हणून मी सारवासारव करायला पुढे झाले, पण त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि फुईला विचारत सुटल्या. कोण यायचं, किती जणी, राणीसाहेब स्वतः बसायच्या का. फुईने सगळं सांगितलं. झोका उंच गेला की डोंगरापलीकडचं सासर दिसतं, असं त्या पोरी म्हणत, हेही सांगितलं. शेवटी म्हणाली, माझा भाऊ होता तोवर दर आखाजीला मी आले. आता या गावात माझं दार कुठलंच नाही. हे ती माझ्याकडे न बघता बोलली आणि मला रडू आलं.

मालकीणबाईंनी वर खाचांकडे पाहिलं. मग त्यांनी नानांना दोर आणायला सांगितला. नानांनी शिडी लावून तो बरोबर त्या दोन खाचांत बसवला. त्यांच्या बहिणीही इथेच झुलल्या होत्या म्हणे. ऐनवेळी मालकीणबाईच धास्तावल्या. या वयात पडलात तर काय, म्हणाल्या.

फुईने पिशवीतल्या चादरीची घडी दोरावर टाकली आणि बसली.

"पडसू ते माहेरमाच पडसू." (पडले तर माहेरातच पडेन.)

मी मागून ढकललं. आधी भीत भीत, मग ती ओरडली तेव्हा जोरात. तिने गौराईची गाणी म्हटली. आवाज फाटत होता, पण थांबायला तयार नव्हती. नंतर मालकीणबाईही बसल्या आणि अहो, चक्क किंचाळल्या! माझ्या वाट्याला ढकलायचंच काम आलं. निघताना त्यांनी फुईची ओटी भरली, बागेतले आंबे दिले, आणि पुढच्या वर्षी फाटक सगळ्या लेकींना उघडं ठेवते, म्हणाल्या. फुईने त्यांच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

परतीच्या गाडीत मला राहवेना. साक्री गेल्यावर विचारलंच, "फुई, घर विकलं म्हणून रागावली होतीस?"

"व्हता ना राग," ती म्हणाली. "पन तू लेवाले उनी." (तू न्यायला आलीस.)

मी आंब्यासाठी पिशवीत हात घातला. डबा होता, दोर नव्हता. गडबडीत आपण तो झाडावरच विसरलो, असं मी म्हणाले.

फुईने आंबा माझ्या हातातून काढून घेतला आणि देठ मोडत म्हणाली, विसरलो कुठे, मीच नानांना तो सोडू नका म्हणून सांगितलं होतं. पुढच्या आखाजीला मुराळ्याने नुसतं वेळेवर यावं.

आता आखाजीच्या आदल्या दिवशी मला दुसरं काही काम ठेवता येत नाही.