शेवटचा घोट पेट्रोलचा

इंजिनखाला कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेली की चहापाणी, ख्यालीखुशाली सगळं नंतर. आधी ती उंबरठ्याशी वाकायची, हाताची वीत ताणायची आणि उंबरठा मोजायची. लग्न होऊन मी भिवंडीला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने आमचा मोजला. "दीड वीत आनि चार बोटं," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा बरा हाय. तरी तुझा नंबर पहिला." कसला नंबर, ते मला कळेना. मी आपली नव्या नवरीसारखी मान खाली घालून उभी. तिने माझ्या दंडाला हात लावून बघितलं, "खात न्हाय काय गो तू?" असं विचारलं आणि निघून गेली. सासूबाई म्हणाल्या, "मनावर घेऊ नको. ती आपली इंजिनखाला, सगळ्या गल्लीची मावशी. तिच्यामुळे आपण कोरडे आहोत."

कोरडे म्हणजे काय, ते समजायला आमची गल्ली समजायला हवी. धामणकर नाक्याच्या मागे, उताराच्या तळाशी सात घरं. मागे नाला, नाल्यापलीकडे भाताची खाचरं. सातांपैकी सहा घरांत पुढच्या खोलीत दोन-दोन लूम, कापड विणायचे यंत्रमाग. लूम जमिनीत बोल्टांनी आवळलेले आणि त्यांच्या मोटरी फरशीपासून जेमतेम वीतभर उंच. मोठा पाऊस झाला की चहूकडचं पाणी आमच्याकडे यायचं. दारात वाळूच्या गोणी लावल्या तरी फरशीतून झिरपायचं. मी येण्याच्या आदल्या वर्षी आमच्या दोन्ही मोटरी बुडून जळाल्या होत्या आणि आमच्या ह्यांना दोन महिने दुसऱ्याच्या कारखान्यात पाळी करावी लागली होती. शेलार गावची शेती भावांवर सोडून ह्या माणसाने ते दोन लूम उभे केले होते. मला आल्या आल्या सगळ्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, की मोटरला पाणी लागता कामा नये.

खालाच्या घरात मात्र लूम नव्हता. तिचा नवरा खाडीतल्या लाँचवर ड्रायव्हर होता, आणि तो गेला तेव्हा तिच्याकडे उरलं ते पाणी उपसायचं एक लहान इंजिन आणि ते चालवायची अक्कल. इंजिन तिचं, पण उपसायचं सगळ्या गल्लीचं. ज्याचा उंबरठा सगळ्यात बुटका त्याच्याकडे आधी, हा तिचा कायदा, आणि म्हणून ती उंबरठे मोजायची. खरं तर सगळ्यात बुटका तिचाच होता. पण ती स्वतःचं घर शेवटी घ्यायची. तोवर तिच्या घरात भांडी तरंगत असायची. कुणी काही बोललं तर म्हणायची, "भांडी तरंगली तर काय व्हतंय? मोटर तरंगते काय?"

मी आले त्याच उन्हाळ्यात ते जुनं इंजिन कायमचं बसलं. नवीन घ्यायचं ठरलं, वर्गणी जमली आणि गल्लीतल्या पुरुषांना एकदम तज्ज्ञ व्हायची हुक्की आली. कोपऱ्यावरचे पांडूभाऊ सगळ्यांत पुढे. त्यांना पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन हवं होतं, हँडल मारून सुरू करायचं. "घ्यायचं तर दणदणीत घ्या," त्यांचं म्हणणं. खाला ओट्यावर बसून तांदूळ निवडत ऐकत होती. मान वर न करता तिने विचारलं, "पांडू, गेल्या साली पानी आलं तवा तू कुठं होतास?"

"ड्युटीवर."

"त्याच्या आदल्या साली?"

"ड्युटीवरच की, खाला. आणखी कुठे असणार?"

"मंग तुझं हँडल कोन मारनार? तुझी बायको. बोलाव तिला."

वहिनींना तेव्हा सातवा महिना होता. त्या पोटावर हात ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पांडूभाऊ चपला पायात सरकवून नाक्याकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी खाला मला घेऊन कल्याणला गेली. का, तर गल्लीत सगळ्यात काटकुळी मीच. "हिच्यानं दोरी निघाली तर समद्यांच्यानं निघंल," असं तिने दुकानदाराला सरळ सांगितलं. दुकानदार एकेका इंजिनाची ताकद सांगत होता, किती फूट पाणी चढवतं, किती शेत भिजवतं. खाला म्हणाली, "आमाला शेत भिजवायचं न्हाय, घर सुकवायचंय." मग तिने मला प्रत्येक इंजिनाची दोरी ओढायला लावली. आधी उजव्या हाताने, मग डाव्या. डाव्या का, असं मी विचारलं तर म्हणाली, "उजव्या कडेवर उद्या पोर असंल." मी लाजेने लाल झाले आणि दुकानदार हिशेबाच्या वहीत तोंड खुपसून बसला. शेवटी दीड हॉर्सपॉवरचं, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारं एक हिरवं इंजिन मी डाव्या हाताने तिसऱ्या झटक्यात सुरू केलं. तेच घेतलं. पुढची दोन वर्षं पांडूभाऊ त्याला खेळणं म्हणायचे. ते खेळणं पुढे त्यांच्या मोटरींनाही वाचवणार होतं.

इंजिन आणणं ही एक गोष्ट आणि सांभाळणं दुसरी. आठ महिने स्वस्थ पडून राहायचं आणि एका दिवशी पहिल्या हाकेला ओ द्यायची, असलं ते काम. खाला म्हणायची, "इंजिन रुसत न्हाय. आपन कायतरी इसरलेलो असतो." म्हणून विसरू नये यासाठी तिने मला चार शब्द पाठ करायला लावले होते. पेट, ठिणगी, हवा, धूर. पेटात पेट्रोल आहे का, प्लग ठिणगी टाकतो का, हवा आत जाते का, धूर बाहेर पडतो का. पाढ्यासारखं म्हणून घ्यायची. पावसाळा संपला की टाकी रिकामी करायची, प्लग काढून त्या भोकात चमचाभर ऑइल सोडायचं आणि दोरी दोनदा हलकी ओढायची. चैत्रापासून दर पंधरा दिवसांनी एकदा सुरू करून बघायचं, तेही उघड्यावर. घरात धूर कोंडला तर माणूस बसल्या जागी जातो, असं ती इतक्या थंडपणे सांगायची की माझ्या अंगावर काटा यायचा.

भिवंडीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, त्यात लूमचं तूस असतं, सुताचे उडालेले बारीक तंतू. इंजिनाच्या पाइपाच्या तोंडाशी जाळी होती, पण तूस तिच्यावर असं चिकटायचं की पाच मिनिटांत पाइप कोरडा. खाला ते तोंड बांबूच्या टोपलीत बसवून पाण्यात सोडायची. टोपलीला तूस अडकायचं, हाताने पुसलं की झालं.

आणि तिचा सगळ्यात मोठा नेम म्हणजे शेवटचा घोट. काम संपलं म्हणून रॉकेलवर चालणारं इंजिन तसंच बंद करायचं नाही. कॉक फिरवून पेट्रोलवर आणायचं, मिनिटभर चालू द्यायचं, मग बंद. आत रॉकेल राहिलं तर पुढच्या वेळी सुरू व्हायला छळतं. "जाताना त्येला गोड घोट द्यायचा," ती म्हणायची, "म्हंजे परत बोलावलं की येतो." दोरी ओढताना ती बिस्मिल्ला म्हणायची, मी मनातल्या मनात गणपतीचं नाव घ्यायची. इंजिनाला दोन्ही चालायचं. दोरी मात्र ती कधी इंजिनाजवळ ठेवायची नाही. ती तिच्या घरी खुंटीला असायची, कारण इंजिन गल्लीचं असलं तरी जबाबदारी तिची होती.

तिसऱ्या वर्षी आषाढात तिची मुलगी खारबावला बाळंत व्हायची होती. जाताना खालाने दोरी माझ्या हातात दिली. मला काय करू आणि काय नको असं झालं. इंजिन घासूनपुसून लख्ख केलं. आमच्या लूमवर निघालेल्या ताज्या कोऱ्या कापडाचा तुकडा त्याला गुंडाळला. उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळीत तुसाचा बोळा घट्ट कोंबला. भिवंडीतल्या माणसाला माया आली की तो कापड पांघरतो आणि भोक दिसलं की तूस कोंबतो, दुसरं त्याला सुचतच नाही.

चौथ्या दिवशी सकाळपासून असा पाऊस लागला की समोरचं घर दिसेना. दुपारी पाणी पायरीला आलं. हे बाण्याच्या, म्हणजे विणायच्या आडव्या सुताचं बघायला बाहेर गेले होते, बाकीचे पुरुष ड्युटीवर. दारात गोणी लावल्या, तरी फरशी पाझरायला लागली. मी लूमची वीज बंद केली, पदर खोचला, ओट्यावरच्या इंजिनाचं कापड सोडलं. कापडाने दमट हवा धरून ठेवलेली, आतलं लोखंड घामेजल्यासारखं ओलं. पुसून काढलं, दोरी गुंडाळली, ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. दहा वेळा, बारा वेळा. हाताला फोड आले. वहिनी पोर कडेवर घेऊन आल्या, बाकीच्या बायकाही जमल्या. कुणी म्हणे नारळ ओवाळा, कुणी म्हणे खारबावला निरोप धाडा. घरात पाणी मोटरच्या खाली चार बोटं राहिलं होतं. मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू. ह्यांचे दोन महिने पुन्हा माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि या वेळी दोष माझा असणार होता.

मग खाला कानात बोलली. इंजिन रुसत न्हाय. मी डोळे पुसून सुरुवातीपासून धरलं. पेट, भरलेलं. ठिणगी, म्हणून प्लग काढला, तव्यावर तापवून कोरडा केला, बसवला. हवा, मोकळी. धूर. धूर म्हटलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तो बोळा मी दोन बोटांनी ओढला तो निघेना, शेवटी डोक्यातला आकडा घालून उपसला. दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला ते हिरवं खेळणं धडधडायला लागलं. घरातली भाकरीची टोपली आणून पाइप तीत बसवला. आमचं घर झाल्यावर उंबरठ्यांच्या नंबराने सगळी गल्ली उपसली, आणि शेवटी खालाचं बंद घर उघडून तेही. एकही मोटर भिजली नाही. संध्याकाळी पांडूभाऊ आले, इंजिनासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बरंच आहे म्हणायचं." त्यांच्या तोंडून तेवढं निघालं, हेच खूप झालं.

खाला परत आल्यावर मी बोळ्याचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता दोरी काढून घेणार. तिने माझे फोड बघितले आणि विचारलं, "शेवटी पेट्रोलवर आनलंस?"

"आणलं."

"मंग झालं," म्हणाली. दोरी घेऊन उठली आणि आमच्याच घरातल्या खुंटीला अडकवली. त्या दिवसापासून ती तिथेच राहिली.

पुढे दोन-तीन वर्षांनी तिचे गुडघे गेले आणि मुलगी तिला खारबावला घेऊन गेली. मी अधूनमधून जायची. शेवटची गेले तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती, आवाज अगदी खोल गेला होता. बाहेर भुरभुर होती, बघता बघता धो धो पाऊस सुरू झाला. तिने डोळे उघडले. "किती वेळ पडतोय?"

"तासभर झाला असेल."

"मंग हितं काय करतीस?"

"खाला, आज मी तुझ्याजवळ थांबते. हे आहेत घरी."

तिने अंथरुणावर बोटं ताणून वीत केली, पुरती होईना, तरी केली. "दीड वीत आनि चार बोटं," ती म्हणाली. "तुझा नंबर पहिला. जा."

मला तिच्यापाशीच बसायचं होतं. पण तिचं ऐकायची सवय हाडात गेलेली. मिळाली त्या गाडीने निघाले. पोचले तेव्हा पाणी पायरीवर होतं आणि हे नाक्यावर अडकलेले. दोरी गुंडाळली. तोंडातून आपोआप बिस्मिल्ला निघालं. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. नंबराने घरं घेत गेले. खालाच्या जुन्या घरात आता दुसरं बिऱ्हाड होतं, तेही शेवटी उपसायला घेतलं. दिवेलागणीला ते उपसत असतानाच तिचा जावई भिजत गल्लीत आला. त्याने काही सांगायच्या आधीच मला समजलं.

इंजिन चालूच होतं. तो म्हणाला, "ताई, बंद करा ना ते." मी त्याला हाताने थांबवलं. कॉक फिरवून पेट्रोलवर आणलं. मिनिटभर, पुरतं मिनिटभर, चालू दिलं. मग बंद केलं, दोरी खुंटीला लावली आणि त्यानंतर खालासाठी रडले.