नकाशातला माझा उतार

“आधी ओळख, मग भाव,” असं म्हणत सर माझ्या तराजूतली मुळी उचलायचे, नाकाला लावायचे आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक खोळंबायचं. मी चिडायचे. “सर, विकायला ठेवलीय ती, हुंगायला न्हाई!”

जालन्यात माझं जडीबुटीचं दुकान आहे. आठवडी बाजारात पोतं अंथरून सुरुवात केली, भांडून भांडून गाळा मिळवला. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. भोकरदनकडच्या डोंगरात कुठं कोणतं औषधी झाड आहे, काय संपत चाललंय, याचा नकाशा करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. ज्याला विचारावं तो त्यांना खोटं सांगायचा. माल कुठून येतो हे कोणता व्यापारी खरं सांगतो, तुम्हीच सांगा.

मी मात्र त्यांना नेलं. चढावर धाप लागली तरी हा माणूस प्रत्येक झुडपापाशी वाकून “काय म्हणता?” असं विचारायचा. असा माणूस फसवणार नाही, असं वाटायचं.

पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडं, डोंगराच्या मागच्या अंगाला, सफेद मुसळीचा एक उतार होता. माझं दुकान त्यावर उभं होतं. तिथल्या खडकावर भाकरी-ठेचा खाताना मी अट घातली, “बाकी सगळं दाखवा. हा उतार नकाशात येणार न्हाई.”

“बराबर, ताई. नाही येणार.”

पुढच्या पावसाळ्यात ग्रामपंचायतीत नकाशा लागला. माझा उतार हिरव्या रंगानं रंगवलेला. खाली लिहिलेलं : इथले कंद काढू नयेत. गावातल्या बायांनी राखणीच्या पाळ्याही लावल्या होत्या.

सरांच्या दारात उभी राहून मी अशी ओरडले की गल्ली गोळा झाली.

“शब्द दिल्ता तुम्ही!”

“मोडला,” सर म्हणाले. “दुसरे लोक कुदळी घेऊन पोचले होते, ताई. गावाला दाखवलं नसतं तर काहीच उरलं नसतं.”

“मंग आधी मला सांगायचं होतं!”

“सांगितलं असतं तर तुम्ही घासाघीस केली असती. अन् मी हरलो असतो.”

मी घासाघीस न करताच माघारी फिरले. बाजारात असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतरही सर दुकानासमोर येऊन तराजूकडं बघत उभे राहायचे. मी चहा मागवला नाही, स्टूल पुढं केलं नाही. थोड्या वेळानं ते निघून जायचे. गेल्या उन्हाळ्यात सर वारले. मी मातीला गेले नाही.

श्रावणात डोंगरावर गेले. उताराच्या तोंडाशी राखणीची बाई बसलेली.

“मावशी, खुरपं इथं ठेवा. मंग जा खुशाल.”

“मी कोण हाय, माहीत हाय का तुला?”

“कोणी का असंना. सर सांगून गेलेत. बघायला सगळ्यांना, खणायला कोणालाच न्हाई.”

खुरपं ठेवलं. पांढरी फुलं पार आमच्या भाकरीच्या खडकापर्यंत उतरली होती. इतकी मुसळी मीसुद्धा कधी पाहिली नव्हती.

सरांनी आधी सांगितलं असतं, तर मी दुपारपर्यंत भांडले असते. अर्धा उतार मागितला असता, मग पाव. संध्याकाळी सगळाच सोडून दिला असता. आधी ओळख म्हणणाऱ्या माणसाला माझी एवढीही ओळख पटली नव्हती.

परतताना खुरपं उचललं. पात्याला माती लागलीच नव्हती. तरी सवयीनं ते पदराला पुसलं.