पुतळाबाईंचा धुण्याचा दगड

पुतळाबाई बारवी धरणाजवळच्या पाड्यात भात पिकवतात. त्यांच्या मागच्या टेकडीवर पूर्वी मठ होता. आता नुसता चौथरा उरलाय. मी जवळच्या शहरातल्या हेंद्रेपाड्यातला निवृत्त माणूस. त्या मठाचा इतिहास लिहायचं खूळ घेऊन तिथे गेलो. पण चौथऱ्यावरचे दगड पावसानं इतके झिजलेले, की एक अक्षर लागेना.

खाली आलो तर पुतळाबाई अंगणातल्या मोठ्या दगडावर गोधडी धूत होत्या. मी वैतागून म्हणालो, "गावानंच दगड पळवून मठ संपवला."

त्यांनी गोधडी दाणकन आपटली.

"पळवले नाय, मागून आणले. दगड आणला त्या घरचं पयलं भात अजून चौथऱ्यावर जातंय. आन् सासूची ताकीद होती, कोरीव बाजूवर पाय पडाचा नाय."

"मग?"

"मग काय? ह्या दगडाचं तोंड खाली. ती पहार घ्या."

आम्ही दोघांनी दगड उलटला. चिखल पुसताच ध्यानस्थ साधू दिसला, पायाशी दोन ओळी, कालच कोरल्यासारख्या.

मी वही काढली. पुतळाबाईंनी पदर खोचला.

"लवकर लिवून घ्या न् पालथा घाला. उघडा ठेवला तर तुमच्या चौथऱ्यासारखा व्हईल."