बारावा दाखला

"मॅडम, बारा जण हायेत. सगळ्यांना किरकोळच हाय. सह्या तेवढ्या द्या, चारच्या आत कोर्टात उभं करायचंय."

हवालदारांनी कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. दुपारचे दोन वाजून गेले होते. ओपीडीची रांग बाहेर पायरीपर्यंत आणि डॉक्टर मी एकटी.

खालापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यातली ही गोष्ट. दवाखान्याचं आणि पोलीस ठाण्याचं नाव लिहीत नाही. जवळच डोंगराच्या पायथ्याला एक खाजगी विद्यापीठ होतं. तिथल्या होस्टेलच्या पाण्याने कावीळ पसरली होती. पिवळ्या डोळ्यांची ती पोरं मीच तपासली होती. पाण्याची सोय करा, एवढंच मागत मुलं दोन दिवस ऑफिससमोर जमिनीवर बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांच्या गाड्या आल्या आणि लाठ्या चालल्या. पोलिसांवर हल्ला केला म्हणून बारा विद्यार्थ्यांवर गुन्हा लागला.

अटक केलेल्या माणसाला कोर्टात नेण्याआधी डॉक्टरने तपासायचं असतं. अंगावर जखमा कोणत्या आणि कशाने झाल्या, हे दाखल्यावर लिहायचं. आमच्याकडे 'कशाने' हा रकाना ठाण्यातूनच भरून यायचा. नियमात असं कुठेही नाही. पण आमचा वेळ वाचायचा, हवालदारांचं अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं आणि कधी कोणी हरकत घेतली नव्हती. सोळा वर्षं मी त्याच्याखाली सही करत आले होते.

मुलं आवारातल्या गाडीतच होती. मी खिडकीतून ओरडून विचारलं, "कोणाला काही त्रास?" गाडीच्या दारात दोन पोलीस उभे. मी अकरा सह्या ठोकल्या. अकराही कागदांवर एकच वाक्य होतं, 'पळताना पडल्यामुळे खरचटले.'

बारावी मुलगी होती, सुगंधा. मुलीला आत घेऊनच तपासावं लागतं, म्हणून तिला उतरवलं. कर्जतकडच्या एका ठाकरवाडीतली. त्या वाडीतून विद्यापीठापर्यंत पोचलेली पहिलीच. डावा हात ओढणीत बांधलेला होता.

"कशी पडलीस गं?" मी कागदाकडे बघतच विचारलं.

"पडले नाय, बाई. आमी बसलेलो होतो. बसलेलं मानूस पडंल कुठं?"

मी मान वर केली. ओढणी सोडली. दंडावर दोन लाल रेघा होत्या, शेजारी शेजारी, मधली कातडी पांढुरकी. काठी जोरात बसली की असाच वळ उठतो. एक्स-रे काढला. कोपर आणि मनगटाच्या मधे, करंगळीच्या बाजूचं हाड मोडलं होतं. माणूस पडताना तळवा टेकतो, तेव्हा बहुतेक वेळा अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाजवळ मोडतं. डोकं वाचवायला हात आडवा धरला आणि वरून फटका बसला, की मोडतं ते हे. कॉलेजात पहिल्या काही वर्षांतच शिकवतात.

तो कागद मी फाडला आणि नवा लिहिला. 'काठीसारख्या कठीण वस्तूचा मार. हाड मोडलेले. गंभीर दुखापत.'

फौजदार आत आले. वयाने लहान, आवाज मऊ.

"मॅडम, अकरा पडले आणि ही एकटीच मार खाल्लेली? कसं दिसेल ते?"

"गाडी थांबवा. सगळ्यांना खाली उतरवा. मी पुन्हा तपासते."

"गाडी गेली. दाखले झाले ना तुमचे?"

मी आमच्या वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "झालं ते झालं. आपल्याच सहीवर आपण शंका घ्यायची नसते, मॅडम." कोर्टाला तेव्हाच दोन ओळी लिहून पाठवता आल्या असत्या. मी नाही पाठवल्या. नोकरीची भीती वाटली, दुसरं काही नाही.

सुगंधाला जामीन मिळाला. तिने मारहाणीची तक्रार केली. तिला वनरक्षक व्हायचं होतं आणि अंगावर केस असली की भरतीत नाव अडकतं. मार पोलिसांनीच दिला हे सिद्ध झालं, तर केस टिकणार नव्हती. तिच्या हातात पुरावा एकच होता, माझा दाखला.

चौकशीला मला बोलावलं. अधिकाऱ्याने अकरा दाखले टेबलावर ओळीने मांडले.

"ही सही तुमचीच?"

"हो. पण त्या मुलांना मी तपासलं नव्हतं."

"न तपासता सही केलीत?"

"केली."

"मग बारावीला तरी तपासलंत, हे आम्ही कशावरून मानायचं?"

"एक्स-रे आहे."

"हाड मोडलंय, मान्य. ते कोणी मोडलं, हे एक्स-रेत दिसत नाही."

मी खरं बोलले होते. त्याच खऱ्याने माझा एकमेव खरा दाखलाही बाद झाला.

तक्रार निकाली निघाली, पुराव्याअभावी. मला लेखी ताकीद मिळाली. मुलांवरची केस अजून चालू आहे आणि वनरक्षकाची एक भरती सुगंधाशिवाय होऊन गेली.

चौकशीच्या दिवशी ती बाहेर बाकावर बसली होती. हात जुळला होता, जरा वाकडा. मी जाऊन शेजारी बसले. माफी मागायची होती. तीच आधी बोलली.

"बाई, माझा हात बघितलात ना, तशा त्या पोरांच्या पाठी बघायच्या व्हत्या."

मी आता रिटायर झाले आहे. नवे डॉक्टर भेटले की सांगते, दाखला कोरा मागा, माणूस गाडीतून उतरवा, मगच पेन उघडा. ते हसतात. म्हणतात, मॅडम, हे तर आम्हाला शिकवलंय.

मलाही शिकवलं होतं.