काकूंनी निवडलेली टाकी

काकूंनी तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात ऑक्सिजनचे सिलिंडर सांभाळले. आलेला सिलिंडर तपासायचा, दाब बघायचा, तारीख वाचायची, वर पाठवायचा. त्या कामात चूक चालत नसे, आणि चूक झाली नाही तर काम करणारं माणूस कुणाच्या लक्षातही येत नसे. निवृत्तीच्या दिवशी एक घड्याळ मिळालं. दुसऱ्या दिवसापासून काकू घरातले नळ आवळत सुटल्या. न गळणारेसुद्धा.

"आई, आता आराम कर ना," मुलगा म्हणायचा.

"आराम करकरून पाठ धरली माझी!"

सून मात्र रविवारी घरात सापडायची नाही. गावाबाहेर बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत पेंटबॉलचं मैदान झालं होतं आणि तिच्या ऑफिसातल्या पाच जणींचा संघ तिथं खेळायचा. दाबाच्या हवेवर रंगाच्या गोळ्या उडवणारी बंदूक असते, तिला मार्कर म्हणतात. अंगावर रंग फुटला की खेळाडू बाद. स्पर्धा महिन्यावर आली आणि पाचवीचा पाय मोडला.

"मी येते की," जेवताना काकू म्हणाल्या.

मुलाचा घास हातातच राहिला. "आई, तिथं गोळी लागली की वळ उठतो!"

"तुला वाढवताना काय कमी वळ उठले?"

सुनेनं तेवढ्यात फोनवरून नावही कळवून टाकलं.

पहिला रविवार फजितीचा गेला. मैदानावरच्या भाड्याच्या मार्करला मागे हवेची भलीमोठी टाकी होती. ती खांद्याला टेकवूनच नेम धरायचा. काकूंची उंची बेताची, हात आखूड, आणि उजवा खांदा एकदा घसरत्या सिलिंडरखाली निखळलेला. त्या टाकीमुळे मार्कर इतका पुढे जाई की हात पोचेना. दहा मिनिटांत खांद्यानं हात टेकले. समोरच्या संघाचा कप्तान व्यायामशाळेत शिकवायचा. त्याला सगळे पैलवान म्हणत. तो म्हणाला, "काकू, सावलीत खुर्ची आहे. तुम्ही गुण लिहायला बसा."

सगळे हसले. सून चिडून काही बोलणार, तोच काकूंनी तिचा हात दाबला. "अगं, मार्कर ठीक आहे. टाकी माझ्या मापाची नाही, एवढंच."

निघताना त्यांनी मैदानाच्या मालकाला एकच विचारलं, "तुमचा पंप किती दाबापर्यंत भरतो?"

"तीन हजार पीएसआय. त्याच्या वर जात नाही."

दुसऱ्या दिवशी सासू-सुना पेंटबॉलच्या सामानाच्या दुकानात. दुकानदारानं आधी एक छोटी बाटली काढली. "ही कार्बन डायऑक्साइडची. नवशिक्यांना बरी."

"नको. हा वायू आत द्रव होऊन बसतो. थंडीत भराभर गोळ्या मारल्या की गारठतो, मग दाब पडतो. मला साधी हवाच हवी."

दुकानदारानं चष्मा वर केला. मग कार्बन फायबरची एक चकचकीत, लांबलचक टाकी ठेवली. "साडेचार हजारांचा दाब झेलते. हजार गोळ्या!"

"पण पंप तीन हजारच भरतो. भांडं मोठं घेतलं म्हणून नळाला जास्त पाणी येतं का?" काकूंनी टाकी फिरवून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. "आणि अहो, हिची तपासणी सहा वर्षांपूर्वीची आहे. पाच वर्षांत पुन्हा व्हायला हवी होती. आजच बाजूला ठेवा हिला."

दुकानदार वरमला. त्यानं कोपऱ्यातली एक छोटी, नवी टाकी पुढे केली. तीही फायबरचीच, पण तान्ह्या बाळाइतकी आखूड आणि वजनाला हलकी. काकूंनी ती दुकानातल्या मार्करला लावून खांद्याला टेकवली, डोळे मिटले, उघडले. नेम बरोबर डोळ्यासमोर.

"आई, हवा पुरेल ना?" सुनेनं हळूच विचारलं.

"तीन हजारांवर चारशे गोळ्या निघतील. मार्करवरच्या गोळ्यांच्या डब्यात मावतात दोनशे. एका डावाला भरपूर."

दुकानदार टाकी बांधायला लागला तशा काकू म्हणाल्या, "आधी हात पुसा. तेलकट बोट हवा भरायच्या तोंडाला लागता कामा नये, भडका उडतो."

"काकू, तुम्ही माझी परीक्षाच घ्यायला आलात," तो हात पुसत म्हणाला.

पुढचे तीन रविवार काकू ओंडक्यांच्या राशीमागे बसणं, वाकणं, पळणं शिकल्या. अंगावर वळ उठले. मुलाला ते मोजून दाखवायच्या.

अंतिम सामन्याच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. डाव सुरू झाला आणि पाच मिनिटांत दोन्हीकडचे एकेक गळत गेले. सून बाद झाली तेव्हा मैदानात उरले दोघंच: ओंडक्यांमागे काकू, आणि पिंपांच्या आडून गोळ्यांचा पाऊस पाडणारा पैलवान. त्याच्या मार्करला कार्बन डायऑक्साइडची बाटली होती. काकू अंग चोरून बसल्या. आखूड टाकीमुळे ओंडक्याबाहेर काहीच डोकावत नव्हतं. गोळ्या डोक्यावरच्या लाकडावर फुटत होत्या. मग त्यांच्या कानांनी फरक टिपला. ठाक-ठाक आवाजाची भसभस झाली. पैलवानाच्या मार्करमधून पांढरी वाफ निघाली आणि पुढची गोळी निम्म्या वाटेत मातीत पडली.

"गारठला गं!" काकू ओरडल्या आणि उठल्या.

पैलवान मार्कर झटकत होता. काकूंनी टाकी खांद्याला लावली, श्वास रोखला, तीन गोळ्या मारल्या. पहिली पिंपावर फुटली. दुसरी आणि तिसरी त्याच्या छातीवर, केशरी.

मग जाळीपलीकडून मुलगा किंचाळला, "आई!" आणि चौघी जणी धावत येऊन काकूंना खांद्यांवर उचलायला लागल्या. काकू तिथूनच ओरडत होत्या, "अगं टाकी सांभाळा, टाकी! आपटू नका!" त्यांच्या मुखवट्याची काच आतून धुकटली होती. ती थंडीनं नाही.

गाडीत बसल्यापासून त्यांनी तो शेवटचा डाव चार वेळा सांगितला. मैदानातून निघताना पैलवान वीस पावलांवर होता. घर येईपर्यंत तो चाळीसवर गेला. सून शेजारीच बसली होती. तिनं सगळं पाहिलं होतं, तरी दर वेळी ती मान डोलावून म्हणत होती, "हो, हो! चाळीस तर असतीलच!"